बोर्डोच्या बादलीत ऑक्सिडीकरण कुठे आणि क्षपण कुठे?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. भाची यंदा अकरावी सायन्सला गेली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे ऑक्सिजन जोडला किंवा हायड्रोजन निघाला की ऑक्सिडीकरण आणि उलट झालं की क्षपण, एवढं तिचं पक्कं पाठ आहे. अकरावीत 'ऑक्सिडेशन नंबर' आला आणि जुन्याचा नव्याशी मेळ बसेना.

सुट्टीत ती आमच्याकडे भडगावला आली, तेव्हा लिंबाच्या बागेसाठी एक टक्का बोर्डो, म्हणजे बुरशीवर फवारायचं मिश्रण, करत होतो. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही द्रावणं एकत्र झाली की घासून लख्ख केलेला विळा त्यात थोडा वेळ बुडवून बघायचा ही आमची रीत. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून निवळी ओतायची. त्या दिवशी थर चढला. पोरीनं तिथंच विचारलं, "मामा, मोरचूद-चुना मिसळला ती रेडॉक्स, म्हणजे ऑक्सिडीकरण-क्षपणाची अभिक्रिया, की विळ्यावर तांबं चढलं ती? ऑक्सिजन तर मोरचुदात पण आहे आणि चुन्यात पण आहे. विळ्याला मात्र तो कुठे लागलेला दिसत नाही."

प्रश्न बरोबर आहे. फवारणीचं मी सांगू शकतो, पण हे तिला पटेल असं कुणीतरी जाणकारानं सांगावं. नुसतं उत्तर नको, ओळखायचं कसं ते हवंय.

पांझरातीर

भाऊ, तुमच्या एका बादलीत दोन्ही प्रकार आहेत. धुळ्यात बरीच वर्षं अकरावी-बारावीला रसायन शिकवतोय, पण याहून चांगलं उदाहरण मला सुचणार नाही.

आधी मोरचूद आणि चुना. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. पाण्यात त्याचे दोन आयन सुटे होतात, तांब्याचा +२ भाराचा आणि सल्फेटचा −२ भाराचा. चुन्याच्या निवळीत कॅल्शियम +२ आणि हायड्रॉक्साइड −१. एकत्र आले की तांबं हायड्रॉक्साइडकडे जातं आणि निळसर गाळ बसतो. पुस्तकात त्याला सोयीसाठी कॉपर हायड्रॉक्साइड म्हणतात, प्रत्यक्षात त्यात बेसिक कॉपर सल्फेटही असतं. आता आकडे बघा, म्हणजे भाचीचे ते ऑक्सिडेशन नंबर. तांबं आधी +२, गाळातही +२. कॅल्शियम +२ चं +२. सल्फर +६, ऑक्सिजन −२, हायड्रोजन +१, सगळे जागच्या जागी. जोडीदार बदलले, पण इलेक्ट्रॉन कुणी दिले नाहीत की घेतले नाहीत. हे दुहेरी विस्थापन. रेडॉक्स नाही.

आता विळा. पात्यातलं लोखंड मूलद्रव्य म्हणून बसलंय, त्याचा आकडा शून्य. चुना कमी पडल्यामुळे पाण्यात तांब्याचे +२ आयन मोकळे राहिलेत. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो आणि +२ होऊन पाण्यात उतरतो. ते दोन इलेक्ट्रॉन तांब्याचा आयन घेतो, शून्य होतो आणि पात्यावर बसतो. तो तांबूस थर म्हणजे हेच तांबं. लोखंड ० वरून +२ ला गेलं, म्हणजे त्याचं ऑक्सिडीकरण. तांबं +२ वरून ० ला आलं, म्हणजे त्याचं क्षपण. सल्फेट नुसता बघत राहिला. ऑक्सिजन त्याच्या पोटात होता, तिथून हललासुद्धा नाही.

म्हणून मी पोरांना एकच गोष्ट सांगतो. ऑक्सिजन कुठे गेला ते शोधू नका. प्रत्येक अणूचा आकडा आधी आणि नंतर लिहा. आकडा वाढला तिथे ऑक्सिडीकरण, उतरला तिथे क्षपण, एकाचाही हलला नाही तर रेडॉक्स नाही.

सातपुडा_पायथा

सर, एक शंका. मग दहावीचं चुकीचंच शिकवलं का आम्हाला? तिथे तर ऑक्सिजन आणि हायड्रोजनवरच सगळं होतं.

पांझरातीर

चुकीचं नाही, अपुरं आहे. ऑक्सिजनची व्याख्या लाव्हाझियेच्या काळातली, अठराव्या शतकाच्या शेवटाची. त्या वेळी इलेक्ट्रॉन कुणाला माहीतच नव्हता. जे. जे. थॉमसननं तो दाखवला १८९७ मध्ये. त्यानंतर कळलं की ऑक्सिजन जोडला जातो तेव्हा बहुतेक वेळा तो समोरच्याचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, आणि तेच काम क्लोरीन करू शकतो, गंधक करू शकतं, तांब्याचा आयनही करू शकतो. जुनी व्याख्या नव्या व्याख्येच्या पोटात बसते. मॅग्नेशियमची फीत जळते तेव्हा दोन्हींनी एकच उत्तर येतं.

पण 'बहुतेक वेळा' म्हटलं ते मुद्दाम. चुनाभट्टीत चुनखडी तापवली की कॅल्शियम कार्बोनेटचं कॅल्शियम ऑक्साइड होतं आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. दरवर्षी पेपरात निम्मी पोरं लिहितात, 'ऑक्सिजन कमी झाला, म्हणून क्षपण.' आकडे मांडा. कॅल्शियम +२, +२. कार्बन कार्बोनेटमध्ये +४, कार्बन डायऑक्साइडमध्येही +४. ऑक्सिजन −२. काहीच हललं नाही. हे नुसतं अपघटन.

आखाजी

मग एक माझाही प्रश्न. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आम्ही तांब्याची घागर चिंचेनं घासतो. काळी पडलेली घागर लालबुंद होते. काळा थर म्हणजे कॉपर ऑक्साइड, आणि घासल्यावर तांबं दिसायला लागतं. ऑक्साइडचं तांबं झालं, म्हणजे हे क्षपण झालंच ना? इथे तर ऑक्सिजन खरंच निघून गेला.

पांझरातीर

ताई, इथेच पोरं फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काळ्या कॉपर ऑक्साइडमध्ये तांबं +२ आहे. चिंचेतल्या टार्टारिक आम्लातून हायड्रोजनचे आयन येतात, +१ चे. ते ऑक्साइडमधल्या ऑक्सिजनला धरतात आणि पाणी तयार होतं. पाण्यातही हायड्रोजन +१ आणि ऑक्सिजन −२. सुटं झालेलं तांबं +२ आयन होऊन चिंचेच्या कोळात विरघळतं. म्हणजे तांब्याचा आकडा बदललाच नाही. तुम्हाला जी लाली दिसते ते या थरातलं तांबं नव्हे, थराखालचं. थर विरघळून वाहून गेला आणि आतली घागर उघडी पडली. म्हणून दरवर्षी घासून घागर अगदी किंचित का होईना, झिजते.

खरं क्षपण बघायचं असेल तर तोच काळा कॉपर ऑक्साइड नळीत तापवून त्यावरून हायड्रोजन वायू सोडायचा. काळ्या भुकटीचीच लाल तांबडी भुकटी होते आणि नळीच्या थंड टोकाला पाण्याचे थेंब जमतात. इथे हायड्रोजन वायूचा आकडा ० होता, पाण्यात +१ झाला, त्याचं ऑक्सिडीकरण. तांबं +२ वरून ०, त्याचं क्षपण. दोन्हीकडे कॉपर ऑक्साइड आणि दोन्हीकडे पाणी, पण एक रेडॉक्स आणि दुसरी नाही. हा फरक ज्याला कळला त्याला हा धडा कळला.

रूळबांध

मी भुसावळला रेल्वेच्या ट्रॅकवर काम करतो. आमचं एटी (ॲल्युमिनो-थर्मिक) वेल्डिंग हे पण रेडॉक्सच ना? रुळांची दोन टोकं जोडायला मधे फट ठेवतो, भोवती साचा बांधतो, रूळ बर्नरनं तापवतो आणि वर क्रूसिबलमध्ये पोर्शन, म्हणजे वेल्डिंगचं भुकटीचं मिश्रण, पेटवतो. काही सेकंदांत सगळं उकळून पांढरंशुभ्र होतं आणि खाली पोलाद उतरतं. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की ॲल्युमिनियम 'क्षपणक' आहे. पण ॲल्युमिनियमला तर ऑक्सिजन लागतो, म्हणजे त्याचं ऑक्सिडीकरण होतं. मग त्याला क्षपणक का म्हणायचं?

पांझरातीर

दादा, शंभर टक्के रेडॉक्स. पोर्शनमध्ये मुख्यतः आयर्न ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची भुकटी. फेरिक ऑक्साइड धरलं तर लोह +३ वरून ० ला उतरतं आणि ॲल्युमिनियम ० वरून +३ ला चढतं. जर्मनीच्या हान्स गोल्डश्मिटनं या पद्धतीचं पेटंट १८९५ मध्ये घेतलं. उष्णता इतकी निघते की लोखंड वितळून साच्यात उतरतं, आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड हलकं म्हणून मळीसारखं वर तरंगतं. तुम्ही वेल्ड गार होत असताना वरचा जो भाग छाटून टाकता, त्यात ते असतं.

नावाचं म्हणाल तर, क्षपणक म्हणजे दुसऱ्याचं क्षपण *करणारा*. तो समोरच्याला इलेक्ट्रॉन देतो, देताना त्याचे स्वतःचे जातात, म्हणून त्याचं स्वतःचं ऑक्सिडीकरण होतं. सावकार-कुळासारखं आहे हे. एकाच्या वहीत नावे पडलं की दुसऱ्याच्या वहीत जमा होणारच, एकटा व्यवहार होत नाही. म्हणून 'या अभिक्रियेत फक्त ऑक्सिडीकरण होते' असं वाक्य दिसलं की ते चूकच समजायचं.

गिरणाकाठ

सर, आता लक्षात यायला लागलं. पण सगळा खेळ आकड्यांवर आहे तर आकडा काढायचा कसा? पोरगी म्हणते सल्फरला कधी −२, कधी +४, कधी +६ लावतात, ते मनानं लावतात का?

पांझरातीर

मनानं नाही. पण थोडी शिस्त लागते.

सुटं मूलद्रव्य, मग ते लोखंड असो, गंधक असो की ऑक्सिजन वायू, त्याचा आकडा शून्य. एका अणूचा आयन असेल तर जेवढा भार तेवढा आकडा. सोडियम-पोटॅशियमच्या गटाला संयुगात कायम +१, कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या गटाला +२, फ्लोरीनला −१. हायड्रोजन +१, पण धातूबरोबर हायड्राइड असेल तर −१. ऑक्सिजन −२, पण पेरॉक्साइडमध्ये −१. उरलेल्याचा आकडा बेरजेतून काढायचा: संयुगात सगळ्यांची बेरीज शून्य, आयनात बेरीज त्याच्या भाराएवढी.

सल्फेट घ्या. चार ऑक्सिजन, म्हणजे −८. आयनाचा भार −२. तर सल्फर +६. सल्फाइटमध्ये तीन ऑक्सिजन, −६, भार −२, म्हणून सल्फर +४. हायड्रोजन सल्फाइडमध्ये दोन हायड्रोजनचे +२, म्हणून सल्फर −२.

कधी अपूर्णांक येतो, घाबरायचं नाही. मॅग्नेटाइट या लोहखनिजात तीन लोह आणि चार ऑक्सिजन, सरासरी आकडा येतो आठ भागिले तीन. प्रत्यक्षात एक लोह +२ आणि दोन लोह +३ आहेत.

आणि परमँगनेट तर प्रत्येकानं एकदा हातानं मांडून बघावं. चार ऑक्सिजन −८, भार −१, म्हणून मँगनीज +७. आम्लात तो +२ ला येतो, म्हणजे पाच इलेक्ट्रॉन घेतो. फेरस लोह +२ चं +३ होताना एकच देतो. म्हणून एका परमँगनेटला पाच फेरस लागतात. प्रॅक्टिकलला ब्युरेटमधून जांभळा थेंब पडतो, पडल्या पडल्या रंग जातो, आणि शेवटी एका थेंबानं फिकट गुलाबी रंग टिकतो, तेव्हा सगळं फेरस संपलेलं असतं. त्यात सल्फ्युरिक आम्लच घालायचं. हायड्रोक्लोरिक घातलं तर परमँगनेट क्लोराइडलाही धरतो, −१ चं ० करतो, आणि रीडिंग जास्त येतं.

गिरणाकाठ

फेरस म्हणजे आपलं हिराकस ना? फेरस सल्फेट? केळीची-लिंबाची पानं पिवळी पडली की फवारतो. माझ्याकडं अर्धी उघडी गोणी राहिली होती, कोरडी हिरवट पूड होती ती पावसाळ्यात पिवळसर तपकिरी झाली. दुकानदार म्हणे 'माल खराब झाला'.

पांझरातीर

हेच ते. हवेतला ऑक्सिजन आणि ओल, दोन्ही मिळून +२ चं +३ झालं. पिकाच्या दृष्टीनं तोटा असा की मुळं लोह मुख्यतः +२ रूपातच आत घेतात. आपल्या चुनखडीच्या जमिनीत ते +३ होऊन अडकून बसतं, म्हणून फवारणीतून द्यावं लागतं. फवारणीच्या पाण्यात सायट्रिक आम्ल घालतात त्याचं एक कारण हेच. आम्लात हे ऑक्सिडीकरण मंदावतं. गोणीचं तोंड घट्ट बांधून कोरड्या जागी ठेवा.

यावलची_केळी

मला वेगळंच विचारायचंय. कापलेली केळी तपकिरी होते त्याला सगळे ऑक्सिडीकरण म्हणतात. तिथे आकडे कसे मांडायचे? त्या रेणूचं सूत्रसुद्धा मला माहीत नाही.

पांझरातीर

सेंद्रिय रसायनात आकडे मांडता येतात, पण तिथे जुनी हायड्रोजनची व्याख्या जास्त सोयीची. केळीतल्या फिनॉलवर्गीय पदार्थांतून पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं हायड्रोजन काढून घेतं, त्यांची क्विनोन बनतात. ती एकमेकांना जोडून तपकिरी रंग येतो. हायड्रोजन गेला, म्हणजे ऑक्सिडीकरण. त्यावर लिंबू पिळलं तर आम्लामुळे विकर मंदावतं, शिवाय जीवनसत्त्व क क्विनोनला परत हायड्रोजन देतं, म्हणजे त्याचं क्षपण करतं आणि स्वतः ऑक्सिडीकृत होतं.

दहावीतलं इथेनॉल आठवा. अल्कधर्मी परमँगनेटनं त्याचं इथेनॉइक आम्ल होतं. कार्बनची सरासरी इथेनॉलमध्ये −२, आम्लात ०. आकड्यानं बघा किंवा हायड्रोजन-ऑक्सिजननं बघा, उत्तर एकच.

तापी_जलसेवा

मी ग्रामपंचायतीत जलसुरक्षक आहे. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो आणि मग नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का बघतो. सर, टीसीएलमध्ये क्लोरीनचा आकडा किती? बेरीज केली तर शून्य येतो, आणि तसा तो सुटा क्लोरीन तर नाही.

पांझरातीर

फार चांगला प्रश्न. ब्लीचिंग पावडरच्या पाठ्यपुस्तकी सूत्रात एक कॅल्शियम, एक ऑक्सिजन आणि दोन क्लोरीन. नुसती बेरीज केली तर क्लोरीनचा सरासरी आकडा शून्य येतो आणि माणूस फसतो. पण ते दोन क्लोरीन सारखे नाहीत. एक ऑक्सिजनला धरून आहे, त्याचा आकडा +१. दुसरा साधा क्लोराइड, −१. जंतू मारणारा, ओटीचा रंग पिवळा करणारा तो +१ वाला. तो इलेक्ट्रॉन घेऊन −१ ला येतो, आणि ओटीतल्या ऑर्थोटोलिडीनचं ऑक्सिडीकरण होऊन पिवळा रंग दिसतो. टीसीएल जुनं झालं की हा +१ वालाच कमी होत जातो, म्हणून पोतं उघडं ठेवायचं नाही.

याच पावडरीवर आम्ल पडलं तर +१ आणि −१ दोघेही मधे ० ला येतात आणि क्लोरीन वायू सुटतो. म्हणून टीसीएल आणि बाथरूम साफ करायचं ॲसिड कधीच एकत्र करू नका, तो वायू फुप्फुसाला जाळतो. उलट प्रकारही असतो. जखमेवरचा हायड्रोजन पेरॉक्साइड फसफसतो तेव्हा −१ चा ऑक्सिजन अर्धा −२ होऊन पाण्यात जातो आणि अर्धा ० होऊन वायू म्हणून निघतो. एकाच मूलद्रव्याचं ऑक्सिडीकरण आणि क्षपण दोन्ही.

सातपुडा_पायथा

भाऊ, आते समजनं. सर, आमच्या बॅचनं मिळून तीन उदाहरणं काढलीयेत, तपासून द्याल?

१) पिवळ्या पोटॅशियम क्रोमेटमध्ये आम्ल टाकलं की नारिंगी डायक्रोमेट होतं. रंग बदलला म्हणून रेडॉक्स.
२) सोडियम हायड्राइड आणि पाणी मिळून सोडियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोजन. रेडॉक्स.
३) सिल्व्हर नायट्रेट आणि मीठ, पांढरा अवक्षेप. रेडॉक्स नाही.

पांझरातीर

तिसरं बरोबर. चांदी +१, क्लोराइड −१, दोन्हीकडे तेच.

दुसरंही बरोबर, पण कारण लिहायला विसरू नका, गुण त्यालाच असतात. हायड्राइडमधला हायड्रोजन −१, पाण्यातला +१. त्यातला एकेक मिळून हायड्रोजन वायू झाला, आकडा ०. सोडियम +१ च राहिला. म्हणजे हायड्राइडचं ऑक्सिडीकरण, पाण्यातल्या हायड्रोजनचं क्षपण.

पहिलं पुन्हा मांडा. क्रोमेटमध्ये चार ऑक्सिजन −८, भार −२, क्रोमियम +६. डायक्रोमेटमध्ये सात ऑक्सिजन −१४, भार −२, म्हणजे दोन क्रोमियम मिळून +१२, एकाचा +६. रंग बदलला, आकडा नाही. त्याच नारिंगी द्रावणात आम्लाबरोबर इथेनॉल टाकलं की ते हिरवं होतं, तिथे क्रोमियम +३ ला उतरतो. ती रेडॉक्स. पहिल्या उत्तरात 'नाही' करा, खाली दोन्ही आकडे लिहा आणि पूर्ण गुण घ्या.